रोलरचं इंजिन दुसऱ्यांदा उघडलं

माझा साडू मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला नात्यागोत्यावर प्रवचन द्यायला नको. माझी बायको धाकटी, तिची बहीण थोरली, आणि त्या थोरलीच्या नशिबी आलेला नवरा तो हा. क्लबच्या मैदानावर माळी आहे. माळी म्हणजे फुलांचा नव्हे, गवताचा. ट्रॅक्टरच्या पिल्लासारखं, वर बसून चालवायचं एक गवत कापायचं यंत्र क्लबाकडे आहे. त्यावर हा दिवसभर मांड ठोकून फिरतो. मैदानावर सगळे त्याला रोलर म्हणतात. जिथून जाईल तिथलं सगळं सपाट करतो, माणसंसुद्धा.

मी लहान इंजिनांचा मेकॅनिक. पंप, जनरेटर, गवत कापायची यंत्रं. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, बिघडलेली इंजिनं उघडून उघडून शिकलो. त्यामुळे मला गोड बोलायचं शिक्षण मिळालेलं नाही आणि त्याची मला खंतही नाही.

रोलरच्या यंत्राचं हेड गास्केट उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलं होतं. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जाड ॲल्युमिनियमचं झाकण, आणि गास्केट म्हणजे त्या झाकणाखालचा पातळ पत्रा. तो आतला स्फोट आत ठेवतो. फाटला की ताकद जाते, धूर येतो, तेल भलतीकडून ओकतं. तेव्हाचं गास्केट जुनं होतं, म्हातारं होऊन मेलं. मी बदललं. यंत्र छान चाललं. आणि महिना उलटायच्या आत पुन्हा फुटलं.

आता नवं गास्केट महिन्यात फुटलं म्हणजे बोट कुणाकडे जाणार? माझ्याकडेच. रोलरने तर बोट नाही, अख्खा हात दाखवला. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाला, "साहेब, साडू आहे म्हणून बोलत नव्हतो, पण त्याच्या हाताला आता पूर्वीसारखी सफाई राहिली नाही."

मॅनेजर म्हणाला, इंजिन इथेच उघडा, माझ्यासमोर. ज्याची चूक निघेल तो जाईल. मेकॅनिक तरी, नाहीतर माळी तरी.

इथे माझी खरी गोची होती. यंत्रांच्या शेडमागे दोन खोल्या आहेत, त्या माळ्याच्या नोकरीबरोबर मिळतात. नोकरी गेली की खोल्या गेल्या. आणि खोल्या गेल्या की रोलर बायकोला घेऊन कुठे येणार? त्याला भाऊ नाही, आणि जे चुलते आहेत त्यांच्याशी त्याने कधीच भांडून घेतलंय. येणार माझ्याकडे. खोल्यांना रंग देत होते तेव्हा एकदा आला होता. माझ्या खुर्चीत बसला, माझा टॉवेल वापरला, आणि मी जेवताना घास किती वेळा चावावा हे मला शिकवलं. रंग वाळायला एवढा वेळ लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

सकाळी निघताना बायको दारात आडवी उभी राहिली.

"आज जरा तोंड आवरा."

"मी काय बोलतो?"

"जे बोलता तेच. ते बोलू नका. माझ्याकडूनच नीट बसलं नसेल म्हणा आणि मोकळे व्हा. तुमचं काय जातंय?"

"माझं नाव जातंय."

"नावाला कुणी खोलीतून बाहेर काढत नाही. ताईला काढतील."

"ताई आली तर मला काही नाही गं. पण तो माणूस..."

"ती जोडीनेच येतात," बायको म्हणाली आणि डबा माझ्या हातात आदळला.

शेडमध्ये पोचलो तर मॅनेजर आधीच खुर्ची टाकून बसलेला. इस्त्रीचा शर्ट, पायात पांढरे बूट, एका हातात फोन. शेडमधलं तेल त्या बुटांना लागू नये म्हणून त्याने खुर्चीखाली वर्तमानपत्र पसरलं होतं. रोलर यंत्राशेजारी हाताची घडी घालून उभा. मेलेल्या माणसाशेजारी नातेवाईक उभे राहतात तसा.

"या, कारागीर," तो म्हणाला. "आज तरी चष्मा आणलायस ना?"

"आणलाय. तुम्ही पायाखालचं बघून उभे राहा, साडूभाऊ. पाना पडेल."

"साहेब, बघताय ना? चूक स्वतःची आणि वर तोरा."

"तुमचं कौटुंबिक नंतर बघा," मॅनेजर म्हणाला. "उद्या सामना आहे. मैदानावर घोटाभर गवत आहे. उघडा."

मी आधी स्पार्क प्लग काढला आणि त्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. तेल घालायच्या नळीला कान लावला. फुसफुस ऐकू आली. म्हणजे हवा सिलिंडरमधून तेलाच्या बाजूला पळत होती. गास्केटच. त्यात शंका नव्हती. शंका होती ती का फुटलं याची.

मग बॉनेट उतरवलं. सायलेन्सर, कार्बोरेटर सोडवला. इंजिनाच्या वर पंखा असतो आणि पंख्यावर पत्र्याचं टोपण. त्या टोपणाला वर जाळी असते, तिच्यातून पंखा हवा ओढतो आणि इंजिनाच्या अंगावर सोडतो. या इंजिनाला पाणी नाही, काही नाही. तेवढ्या हवेवरच ते जगतं. टोपणाचा रंग मला बघवेना. मागच्या खेपेला हिरवा होता, आता कडेने करपून तपकिरी झालेला.

"हे टोपण भाजलंय," मी म्हणालो.

"उन्हात उभं असतं," रोलर म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

झाकणं काढत गेलो. व्हॉल्व्ह उचलणारे दांडे, म्हणजे पुशरॉड, निघाले ते एका पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचले, म्हणजे ज्याचा तो परत जागेवर जाईल. हेडचे बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे सैल केले. रबरी हातोड्याने दोन टोले दिले तसं हेड सुटलं. उलटं केलं. गास्केटला एका बाजूने काळा ओघळ पडला होता, तिथून जाळ बाहेर पडलेला. बाकी सगळीकडे गास्केट नीट दाबलं गेल्याचा ठसा, बोल्टभोवती सारखा. बसवण्यात चूक असती तर तो ठसा कुठेतरी फिका असता.

पाट्यासारखी जाड, सपाट काच मी बरोबर आणली होती. तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि हेडचा सपाट भाग त्यावर फिरवून पाहिला. दोन कडा चकाकल्या, मधला भाग तसाच काळा राहिला. हेड वाकलं होतं. ॲल्युमिनियम असं उगाच वाकत नाही. भट्टीत घातल्यासारखं तापलं तर वाकतं.

"म्हणजे काय?" मॅनेजरने फोनवरून डोळे उचलले.

"म्हणजे याला श्वास मिळाला नाही. कुणीतरी हवा बंद केली."

"गवत अडकलं असेल," रोलर म्हणाला.

"गवत अडकलं असतं तर ते साफ करणं कुणाचं काम?"

मी बॅटरी घेऊन इंजिनाच्या पापुद्र्यांत बघू लागलो. सिलिंडरभोवती ॲल्युमिनियमचे पापुद्रे असतात, त्यांच्या फटींतून हवा जाते. दोन फटींत गवत नव्हतं. काहीतरी वितळून बसलेलं होतं, काळं, चिवट. चिमट्याने ओढलं. फोम. सोफ्यात असतो तसला फोम, आणि त्याला चिकटलेला जाड कापडाचा तुकडा. कापडावर टाके होते.

मी तो तुकडा हातावर ठेवला.

खरं सांगतो, त्या क्षणी बायकोचा चेहरा माझ्यासमोर आला. तुकडा खिशात टाकला असता, माझीच चूक म्हटलं असतं, तर विषय मिटला असता. क्लबचं काम गेलं असतं. मॅनेजर आजूबाजूच्या चार मैदानांवर सांगत फिरला असता की याच्या हातचं गास्केट टिकत नाही, आणि तीही कामं गेली असती. पण रोलर त्याच्या खोल्यांत राहिला असता आणि मी माझ्या. तोंड उघडलं तर रोलर माझ्या खुर्चीत.

मी खोटं बोललो असतो. नात्यासाठी नाही, खुर्चीसाठी बोललो असतो. पण ठसा दिसत होता ना समोर. तो सारखा, बिनचूक ठसा. माझ्या हातचा. त्याच्याकडे बघत 'माझं चुकलं' म्हणणं मला जमेना.

"हे कापड कुठून आलं?" मी विचारलं.

आणि रोलरने काय करावं? मॅनेजरकडे वळून तो म्हणाला, "बघा साहेब! हात पुसायचं फडकं आत विसरला. मागच्या खेपेला काम करताना विसरला आणि वरून टोपण लावून टाकलं. आणि मी रोज त्याच्यावर बसून फिरतोय!"

मॅनेजर उठला. पांढरे बूट वर्तमानपत्रावरून खाली आले. "हे खरंय?"

"मी फोमने हात पुसत नाही."

"फडकं नाही तर काय मग?" रोलर म्हणाला. "टाके घातलेलं फडकं असू शकत नाही? तुझी बायको शिवत असेल."

"माझ्या बायकोला बटण लावता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच तिला टोमणे मारता."

"दोघंही थांबा," मॅनेजर म्हणाला. "मला एवढंच कळतंय की इंजिनात कापड निघालं आणि इंजिन उघडणारा माणूस एकच आहे."

तेवढ्यात मागच्या दारातून ताई आली. त्या दाराच्या पलीकडेच तिचं स्वयंपाकघर. भिंत पत्र्याची. पहिल्यापासून सगळं तिच्या कानावर जात असणार. हात ओले होते, ते पदराला पुसतच आली. माझ्या हातावरचा तुकडा तिने उचलला, डोळ्यांजवळ धरला.

"हे फडकं नाही," ती म्हणाली. "टोपी आहे."

"तू आत जा," रोलर म्हणाला.

"माझा टाका आहे हा. इंजिनाला टोपी शिवली होती मी. चहाच्या किटलीला घालतात तशी, कडेने इलॅस्टिक घालून. जुन्या सोफ्याचा फोम आत भरून."

"आत जा म्हटलं ना!"

"जाते. सांगून जाते." ती मॅनेजरकडे वळली. "तुम्हीच यांना म्हणालात ना साहेब, केबिनच्या खिडकीखाली हे भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखं काय चालतं? पाहुण्यांना बोलता येत नाही म्हणालात. आवाज कमी कर, नाहीतर आवाज न करणारा माणूस आणतो म्हणालात. यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मी शिवली टोपी. आवाज कमी झाला की नाही?"

मला हसू येत होतं आणि तिडीकही. तीस-चाळीस बोल्टांचं इंजिन, आणि त्याला या बाईने थंडी वाजते म्हणून घालावी तशी टोपी घातली! जाळी गच्च झाकून! आणि हा बैल त्या टोपीवर बॉनेट लावून भर उन्हात फिरला, आणि मी यंत्र उघडायच्या आधी टोपी काढून लपवली. म्हणजे त्याला समजलं होतं. सगळं समजूनच त्याने माझ्याकडे हात दाखवला होता.

"मी टोपी घाला म्हणालो होतो?" मॅनेजरचा आवाज चढला. "मी आवाज कमी करा म्हणालो. इंजिनाचा गळा दाबा म्हणालो नाही."

"साहेब तसं काही म्हणाले नव्हते," रोलर म्हणाला. "हिची ऐकण्यात चूक झाली."

ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की मी त्याच्या जागी असतो तर आजही जेवलो नसतो. "मी कुठे ऐकलं?" ती म्हणाली. "मला तुम्हीच येऊन सांगितलंत. रडत सांगितलंत."

रोलर यंत्राच्या सीटवरची धूळ झटकू लागला.

"ठीक आहे," मॅनेजर म्हणाला. "टोपी घालणारा माळी मला नको. सोमवारी खोल्या मोकळ्या करा. आणि तुम्ही," माझ्याकडे, "संध्याकाळपर्यंत हे जोडून द्या."

मी पाना पिशवीत टाकला. मग दुसरा टाकला. काच उचलून कापडात गुंडाळली.

"काय करताय?"

"निघालो."

"इंजिन?"

"इंजिन इथेच आहे. तुमचंच आहे. एक तुकडा मी नेत नाही, मोजून घ्या. पुशरॉड पुठ्ठ्यात आहेत. दुसरा कुणी बोलवा."

मॅनेजरने तिथेच फोन लावला. ज्या मोठ्या वर्कशॉपचा फलक मुख्य रस्त्यावर आहे तिथे. त्यांनी सांगितलं, मंगळवारी आणून सोडा, बघू. त्याने आणखी एकाला लावला. तो उचलेना. मी पिशवीची चेन हळूहळू लावत होतो. मला घाई नव्हती. शेडच्या दारातून मैदान दिसत होतं, गवत वाऱ्यावर छान डुलत होतं. फुटबॉल त्यात हरवला असता.

"तुम्हाला पाहिजे काय?" मॅनेजरने विचारलं.

"क्लबच्या सेक्रेटरींना फोन करा. माझ्यासमोर. सांगा, आवाज कमी करायचं तुम्ही सांगितलं होतं, त्यातून हे झालं, माळ्याचं काही नाही आणि खोल्या त्याच्याच राहतील. मग हेड बसवतो."

"हा तुमचा साडू आत्ता तुम्हाला चोर ठरवत होता."

"हो. आणि तो बेरकी आहे, भित्रा आहे आणि माझ्या डोक्यात जातो. पण तो तुमच्या खोल्यांत राहिला पाहिजे. मला तो माझ्या घरात नकोय."

"बघितलंस?" रोलर ताईला म्हणाला. "बघितलंस याचं मन कसं आहे?"

"तुम्ही गप्प बसा," ताई आणि मी एकदमच म्हणालो.

मॅनेजरने फोन लावला. दात खात लावला. सेक्रेटरीला तो म्हणाला, "सर, यंत्र जरा तापलं होतं... हो, उन्हामुळे... आणि मीही आवाजाबद्दल काही सूचना दिल्या होत्या, त्यातून जरा गैरसमज... नाही नाही, माळ्याची चूक नाही. तो राहील. हो, खोल्याही." फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "झालं समाधान?"

झालं नव्हतं. 'उन्हामुळे' हा शब्द त्याने घुसडलाच. पण माझं काम भागलं होतं.

मग मी कामाला लागलो. काचेवरच्या पॉलिश पेपरवर हेड इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत राहिलो. कडा, मग मध, मग सगळं एकसारखं चकाकेपर्यंत. मनगटं भरून आली. जुन्या गास्केटचा चिकटलेला भाग खरवडला, ॲल्युमिनियमला ओरखडा न पडता. पापुद्र्यांतला उरलेला फोम तारेने काढला. नवं गास्केट कोरडंच ठेवलं, कसला लेप नाही, काही नाही. बोल्ट हाताने लावले आणि टॉर्कचा पाना घेतला, किती जोर लागला ते दाखवणारा. आधी हलके, मग जरा जोरात, मग पूर्ण. दर वेळी समोरासमोरचा.

"गोल गोल आवळ ना," रोलर डोक्यावर उभा राहून म्हणाला. "किती वेळ लावतोस?"

"गोल आवळलं की एका बाजूने उचलतं."

"आमच्या वेळी गोलच आवळायचे."

"तुमच्या वेळी तुम्ही टोपी घालत होता."

ताई दारात बसून ऐकत होती. मला वाटलं, ही तरी काही बोलेल. चहा देईल. ती म्हणाली, "साहेबांकडून वदवून घ्यायचं होतं तर आधीच घ्यायचं. मला मध्ये यायला लावलंत. आता हे महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत, आणि बोलले तर त्याहून वाईट." आणि उठून आत गेली. दार तिने लावून घेतलं.

व्हॉल्व्हची फट बघितली, झाकणं लावली, तेल भरलं. टोपणावरची जाळी ब्रशने साफ केली. किल्ली फिरवली. दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा धरलं. काय आवाज! शेडचा पत्रा थरथरला. वर केबिनची काच खडखडायला लागली. मॅनेजर कानावर हात धरून काहीतरी ओरडला.

"ऐकू येत नाही!" मी ओरडलो.

तो जवळ आला, माझ्या कानात म्हणाला, "तुमचा पाय या फाटकाच्या आत पुन्हा दिसता कामा नये."

ते मात्र नीट ऐकू आलं. मी मान हलवली. मला ठाऊकच होतं. मी धूर बघत होतो. धूर नव्हता.

रोलर सीटवर चढला. एकदा माझ्याकडे पाहिलं. आता तरी काही म्हणेल असं वाटलं, आणि तो म्हणालाही. वाकून, तोंडाशी हात धरून म्हणाला, "एक बोल्ट सैल राहिलाय. मला आवाजावरून कळतं."

आणि गेला.

मी पिशवी खांद्यावर टाकून मैदानाच्या कडेने फाटकाकडे चाललो होतो. तो पहिला पट्टा कापत समोरून आला. सरळ माझ्या अंगावर. वळायला जागा होती, भरपूर होती. वळला नाही. शेवटी मीच बाजूला झालो. कापलेलं ओलं गवत माझ्या पँटला गुडघ्यापर्यंत चिकटलं. त्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. मी तिथेच उभा राहून, इच्छा नसताना, इंजिन ऐकत राहिलो. चढावर ते जरासुद्धा दमलं नाही. मग पँट झटकली आणि फाटकाबाहेर पडलो.